तोंडातलं हाड

वैशाखातली दुपार होती. सड्यावरून, आमच्या कोकणातल्या कातळी पठारावरून, खाली उतरताना मी स्कूटर थांबवली ती फक्त पाणी प्यायला. कातळ असा तापला होता की चपलेच्या तळव्यातून चटका वर येत होता. करवंदांच्या जाळ्या धुळीनं लाल झालेल्या, वारा बंद, आणि लांब कुठेतरी जांभा चिरायच्या मशीनचा एकसुरी आवाज. काजूच्या तुटपुंज्या सावलीत एक गाय उभी होती. मान वर, जराशी तिरकी, आणि तोंडाच्या एका बाजूनं पांढरं काहीतरी बाहेर आलेलं. मला आधी वाटलं, सुकी फांदी असेल. मग आवाज ऐकू आला. फांदी चावल्याचा आवाज असा नसतो. दगडावर दगड घासावा तसा खर्रखर्र, मध्येच खट्, पुन्हा खर्रखर्र. उन्हापावसानं पांढरंफटक झालेलं ते लांब हाड होतं, बहुधा एखाद्या बैलाच्या पायाचं. गाय ते दाढांमध्ये आडवं धरून सावकाश फिरवत होती. लाळेची तार पार जमिनीपर्यंत लोंबत होती आणि डोळे अर्धवट मिटलेले होते. लहान मूल आईच्या पदराचं टोक चोखताना जसं दिसतं, तशी ती दिसत होती.

कपाळावरचा पांढरा ठिपका आणि डाव्या शिंगाचं तुटकं टोक बघितलं आणि कळलं, ही आपली चंद्री. खालच्या वाडीतल्या काकींची.

तेवढ्यात काकींचा नातू काठी घेऊन धावत आला. "सोड गो! सोड ता!" त्यानं पाठीवर दोन दणके घातले. हाड खाली पडलं. चंद्री चार पावलं पुढे गेली आणि मान वळवून पुन्हा त्या हाडाकडे बघत राहिली. पोरानं ते पायानं जाळीत ढकललं आणि मग मला पाहिलं. त्याचा चेहरा असा झाला, जसं काही हाड त्याच्याच तोंडात होतं. "डॉक्टरीणबाय, कोणाक सांगू नका हां. आजी माका मारतली."

मी कोणाला सांगणार होते? आणि सांगायचं तर काय? मी स्कूटर सुरू केली, घरी आले, जेवले. पण तो खर्रखर्र आवाज रात्रीपर्यंत कानातून जाईना. कारण मी जनावरांची डॉक्टर, आणि या चंद्रीला मी गेल्या वर्षभरात दोनदा भरवलं होतं, म्हणजे कृत्रिम रेतन केलं होतं. दोन्ही वेळा ती उलटली होती, गाभण राहिली नव्हती. त्यानंतर चार महिने माजावरच आली नव्हती. माघात तिची तपासणी केली तेव्हाची नोंद माझ्या वहीत आहे: दोन्ही अंडाशय लहान, गुळगुळीत, हालचाल नाही. ज्यांनी हे काम केलेलं नाही त्यांना हे कसं सांगावं कळत नाही. खांद्यापर्यंत प्लास्टिकचा मोजा चढवून हात आत घातला की डोळे आपोआप मिटतात, कारण बघायचं ते बोटांच्या टोकांनी. आत ऊब असते, गाईचा श्वास हाताला लागतो, ती अंग आवळते तेव्हा मनगट दुखतं. माजाचं चक्र चालू असलेल्या गाईचं अंडाशय खडबडीत लागतं, कुठे द्राक्षासारखा ताणलेला फुगवटा, कुठे घट्ट उंचवटा. तिथे काहीतरी चाललेलं असतं. चंद्रीची अंडाशयं घेवड्याच्या बीसारखी होती. गप्प. मी तेव्हा काकींना जंताचं औषध दिलं, एक इंजेक्शन दिलं, "खुराक वाढवा" म्हटलं आणि निघाले. काकी मान हलवत होत्या. "ह्या खेपेक ऱ्हवतली मा?" एवढंच त्यांनी विचारलं होतं. हाडाबद्दल त्या बोलल्या नाहीत. आणि मी विचारलं नाही.

मी विचारायला हवं होतं. इतर कुणी नाही तरी मी.

आमच्या घरी तांबू होती. ही गोष्ट 1988च्या आसपासची, मी तेव्हा चौथीत असेन. तांबू म्हणजे आमच्याकडची गावठी गाय, बुटकी, आटोपशीर, तांबूस अंगाची, दगडातून शेळीसारखी चढणारी. अशा गाईंना आज कोकण कपिला म्हणतात. 2018 मध्ये त्यांची स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय पातळीवर नोंद झाली तेव्हा मला शाळेतल्या मैत्रिणीचं नाव पेपरात आल्यासारखं वाटलं होतं. तांबू दोन-अडीच लिटर दूध द्यायची, तेही वासराचं ठेवून. तिसऱ्या वितानंतर ती बिघडली. म्हणजे तेव्हा आम्ही 'बिघडली' म्हणायचो. आधी तिनं दांडीवरचं आजोबांचं धोतर चघळलं. मग माती चाटायला लागली, गोठ्याच्या भिंतीचा गिलावा चाटून तिनं खड्डा पाडला. आणि एक दिवस संध्याकाळी गुरं परत आली तेव्हा तांबूच्या तोंडात हाड होतं. तिनं ते सड्यावरून घरापर्यंत आणलं होतं, टाकलं नव्हतं.

आजी खळ्यात दिवा लावत होती. तिनं ते पाहिलं आणि समई हातातून खाली ठेवून मटकन बसली. "गायीन हाड तोंडात धरल्यान," एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. माझ्या आजीला भूत-पिशाच्चाची भीती नव्हती, अंधाराची नव्हती, सापाची नव्हती. पण त्या संध्याकाळी मी तिला घाबरलेलं पाहिलं. गाईच्या तोंडी हाड म्हणजे घराला काहीतरी लागलं. ग्रामदेवतेपुढे गाऱ्हाणं घातलं, मानकऱ्याच्या प्रत्येक वाक्यामागे माणसं "होय म्हाराजा" म्हणत होती आणि मी आईच्या मागे उभी राहून विचार करत होते की देवाला तांबूचं नाव माहीत असेल का. तांबूच्या तोंडाला जाळी बांधली. ती जाळीतूनही माती हुंगायची. पुढची दोन वर्षं ती गाभण राहिली नाही. एक दिवस शाळेतून आले तर दावण रिकामी. घाटावरचा कुणी व्यापारी येऊन घेऊन गेला होता. वांझ गाईला किती पैसे मिळाले, ते कुणी सांगितलं नाही. आजीनं दावं मात्र दिलं नव्हतं. गाय विकली तरी दावं देत नाहीत. ते गोठ्याच्या खुंटीला कित्येक वर्षं लटकत होतं, मग उंदरांनी खाल्लं.

परळच्या कॉलेजात दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी एका दमट दुपारी सर पशुआहाराचा तास घेत होते. पंखा फिरत होता, बाहेर गाड्यांचे हॉर्न. त्यांनी फळ्यावर एक शब्द लिहिला, ज्याचा अर्थ 'हाडं खाणं' असा होता. म्हणाले, चाऱ्यात फॉस्फरस कमी पडला की जनावर कपडे चघळतं, माती चाटतं, लाकूड कुरतडतं, आणि शेवटी हाड शोधतं. शरीरातला सुमारे ऐंशी टक्के फॉस्फरस हाडात असतो, त्यामुळे त्याचा शोध चुकीचा नसतो. पुढे ते म्हणाले, अशा जनावराची भूक मंदावते, ते रोडावतं, माज दिसत नाही. सगळे लिहून घेत होते. माझं पेन थांबलं होतं. धोतर, भिंत, माती, हाड, दोन वर्षं. सगळं त्याच क्रमानं. सरांनी आमच्या गोठ्यात बसून लिहून घेतल्यासारखं. मी तास संपल्यावर बराच वेळ बाकावर बसून होते. आनंद झाला होता की रडू येत होतं, ते आजही सांगता येणार नाही. कोडं सुटलं होतं आणि ज्याच्यासाठी सुटायला हवं होतं ते जनावर कुठल्या तरी बाजारात कधीच संपलं होतं.

त्या तासाला सरांनी अर्नोल्ड थायलर यांचं नाव घेतलं होतं. थायलर स्वित्झर्लंडमधले, 1891 मध्ये पशुवैद्य म्हणून दक्षिण आफ्रिकेत गेले आणि तिथे गेल्यावर थोड्याच दिवसांत चारा कापायच्या यंत्रात त्यांचा डावा हात गेला. कडबाकुट्टीत बोटं गेलेली माणसं मी इथेही पाहिली आहेत, त्यामुळे हा तपशील माझ्या मनातून कधी गेला नाही. एका हातानं त्या माणसानं पुढची चाळीसेक वर्षं गुरांच्या रोगांवर काम केलं. गोचिडांमुळे होणारा जो थायलेरिया आमच्याकडच्या संकरित गाई घेऊन जातो, त्याला त्यांचंच नाव आहे. त्यांनीच 1908 मध्ये ऑन्डरस्टेपूर्टची संशोधन संस्था उभी केली. आणि हाडांची गोष्टही त्यांचीच. तिकडच्या कोरड्या पठारावर गुरं अचानक लुळी पडून मरायची. त्या आजाराला तिथले लोक लामसिक्टे म्हणत, म्हणजे लंगडेपणाचा आजार. गुरं हाडं चघळतात हे तिथल्या शेतकऱ्यांना कधीपासून ठाऊक होतं. थायलर आणि त्यांचे सहकारी व्रायबर्गजवळच्या एका फार्मवर जाऊन राहिले. त्या जागेचं नाव आर्मुड्सव्लाक्टे. तिथल्या लोकांच्या भाषेत त्याचा अर्थ होतो दारिद्र्याचं पठार.

आमच्या सड्याला कुणी नाव दिलं असतं तर ते याहून वेगळं नसतं.

तिथे त्यांनी जे केलं ते मला अजूनही सुंदर वाटतं. त्यांनी गाईंपुढे हाडं ठेवली आणि बघत बसले. कुठली गाय स्वच्छ वाळकं हाड उचलते, कुठली सडक्या हाडालाही तोंड लावते, कुठली हुंगून पुढे जाते. आमच्या आजीला जे पाप दिसलं, ते त्यांनी लिहून घेतलं. मग वेगवेगळ्या गाईंना वेगवेगळं खायला दिलं. नुसता चुना दिला तर हाव जात नव्हती. हाडांची भुकटी दिली की जात होती, गव्हाचा कोंडा दिला तरी जात होती. म्हणजे गाय हाडातला कॅल्शियम नव्हे, फॉस्फरस शोधत होती. आणि लुळं पडून मरण्याचं कारण निराळंच होतं. मेलेल्या जनावराच्या सडक्या हाडा-मांसात बोट्युलिझमचं विष तयार होतं, ते हाड चघळणाऱ्या गाईच्या पोटात जायचं. भूक एका गोष्टीची आणि मरण दुसऱ्याच गोष्टीचं. या दोन धाग्यांची गाठ सोडवायला त्यांना वर्षं लागली. भुकटी खाल्लेल्या गाई नुसत्या वाचल्या नाहीत, त्या भरल्या, आणि न दिलेल्या गाईंपेक्षा जास्त संख्येनं व्याल्या. थायलर यांच्या मुलाला, मॅक्स यांना, पुढे 1951 मध्ये पीतज्वराच्या लशीसाठी नोबेल मिळालं. जगाला मुलगा जास्त ठाऊक आहे. माझ्यासाठी बापच मोठा आहे, एका हाताचा, गाईपुढे हाड ठेवून बघत बसलेला.

आपल्याकडे जांभा लाल का, तर त्यात लोह आहे म्हणून. तीन-तीन हजार मिलिमीटर पाऊस हजारो वर्षं कोसळतो, विरघळण्यासारखं सगळं समुद्रात वाहून नेतो, आणि मागे उरतं लोह आणि ॲल्युमिनियम. हे दोघे जमिनीतला फॉस्फरस असा धरून ठेवतात की गवताच्या मुळांना तो सुटत नाही. शेतात खत घालणाऱ्याला हे माहीत असतं. पण सड्यावरच्या गवताला खत कोण घालतं? दसऱ्यानंतर ते गवत फुलोऱ्यावर येतं, बी धरतं, त्यातला सगळा कस बियांबरोबर गळून जातो आणि आपण ज्याला करड म्हणतो ते उरतं. सोनेरी दिसतं, भारे बांधताना हाताला कापतं, आणि खायला जवळजवळ काहीच नसतं त्यात. भाताचा पेंढा तर त्याहून. पेंढ्यात प्रथिनं तीन-चार टक्के, वर वाळूसारखी सिलिका, आणि ऑक्झॅलेट, जे कॅल्शियमही बांधून टाकतं. उडवी भरलेली असते, पोट भरतं, गाय रवंथ करत बसलेली दिसते. बघणाऱ्याला वाटतं, सुखात आहे.

गाय दिवसाला शंभर लिटरच्या आसपास लाळ तयार करते, आणि त्या लाळेतून स्वतःच्या रक्तातला फॉस्फरस कोठीपोटात परत पाठवते, तिथल्या जिवाणूंना जगवायला. तेच जिवाणू तिला पेंढा पचवून देतात. म्हणजे चाऱ्यात काही नसलं की ती आधी आपल्या अंगातलं काढून पोटातल्या घराला वाढते. रक्तातलं कमी झालं की हाडातलं काढते. तेही पुरेनासं झालं की भूक मंदावते. गर्भाशयापर्यंत वाटा पोचतच नाही. पोटात वासरू वाढवणं हा तिच्या शरीराचा शेवटचा खर्च, आणि हाताशी नसेल तर ती तो करत नाही. याला आम्ही वांझ म्हणत होतो. माझ्या वहीत मी जे लिहिलं होतं, अंडाशय गुळगुळीत, हालचाल नाही, ते वाचून मला आता दुखतं, कारण ते चुकीचं नव्हतं. फक्त अर्ध्या वाटेवर थांबलेलं होतं.

चंद्रीला पाहिल्यानंतरच्या रविवारी मी आईला फोन केला. गव्हाचा कोंडा डोक्यात होता. गाईच्या कोठीपोटातले जिवाणू कोंड्यातला बांधलेला फॉस्फरस सोडवू शकतात, माणसाच्या पोटाला ते नीट जमत नाही. आणि भाताच्या कोंड्यात तो भरपूर असतो. मी विचारलं, "आई, आपलं घिरट कधी बंद झालं?" आईला प्रश्न विचित्र वाटला. मग ती आठवू लागली. आजी पहाटे घिरटावर भात भरडायची, मुसळानं सडायची, त्या सगळ्याचा वास, कोमट, थोडासा गोड, आणि नाकात जाणारी ती पिठूळ धूळ. तांदूळ घरात, कोंडा गोठ्यात. कोंड्यात मीठ आणि उरलेली पेज घालून आंबोण व्हायचं आणि तांबू त्या पाटीत डोळ्यांपर्यंत तोंड घालायची, वर काढायची तेव्हा नाकावर कोंड्याची पांढरी टोपी असायची. मग गावात गिरण आली. आजीच्या कमरेला आराम पडला, सगळ्यांना बरं वाटलं, मलाही वाटतं. पण कोंडा गिरणीवरच राहायचा, भरडाईत वळता व्हायचा. आई म्हणाली, "बाबू सहावीत गेला त्या पावसाआधी गिरण आली बघ." बाबू माझ्याहून तीन वर्षांनी मोठा. मी बोटांवर मोजलं. घिरट थांबलं आणि तांबूनं हाड धरलं, यांच्यामध्ये एक पावसाळा.

पुरावा म्हणून हे काहीच नाही. तेव्हा तांबूचं रक्त कुणी तपासलं नव्हतं. तिला जंत असतील, भाताच्या खाचरात चरणाऱ्या गुरांच्या यकृतात चपटे कृमी होतात ते असतील, वय असेल. माज न येण्याची कारणं पंधरा असतात आणि एकटा फॉस्फरस क्वचितच दोषी असतो. शास्त्र शिकलेल्या माणसानं तीस-पस्तीस वर्षांपूर्वीच्या गाईचं निदान फोनवर करू नये. पण आईनं फोन ठेवण्याआधी विचारलं, "म्हणजे कोंडा घातला असता तर ऱ्हवली असती ती?" आणि मला "सांगता येत नाही" म्हणता आलं नाही. मी म्हटलं, "बहुतेक."

सोमवारी सकाळी काकींकडे गेले. त्या शेणी थापत होत्या. मी सरळ विचारलं, हाडाबद्दल. त्यांचा हात शेणात तसाच थांबला. पोराला हाक मारणार, एवढ्यात मी म्हटलं, तो काही बोललेला नाही, मी स्वतः पाहिलं. मग त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. पदरानं कपाळ पुसलं, पुसताना शेणाचा पट्टा उमटला. "गाय ती. ती हाड खाता म्हणान लोकांक कसा सांगू? तुमकाय कसा सांगू?" गेल्या पावसाळ्यापासून ती हाडं शोधत होती. काकी पहाटे उठून सड्यावर जायच्या आणि दिसतील तेवढी हाडं गोळा करून विहिरीपलीकडच्या खड्ड्यात पुरायच्या. साठ वर्षांची बाई, गुडघे दुखणारी, गाईची अब्रू राखायला अंधारात कातळ धुंडाळत होती. तिकडे मी स्वच्छ हातमोजे घालून तिच्या गाईत इंजेक्शनं सोडत होते. रोगाचं सगळ्यात स्पष्ट लक्षण कुणी लपवून ठेवलं असेल तर ते वाईट हेतूनं नव्हे. लाजेनं. आणि ती लाज मी ओळखायला हवी होती, कारण मी त्याच लाजेच्या घरात वाढले आहे.

मी त्यांना म्हटलं, काकी, हाडं पुरत होतात ते फार बरं केलंत, सडकं हाड तिनं खाल्लं असतं तर ती लुळी पडून गेली असती. हे ऐकून त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी विसरणार नाही. वर्षभर त्या जे पापासारखं करत होत्या, ते औषधासारखं निघालं होतं.

मग हाव का लागते ते सांगितलं. जमेल तितकं, आमच्या भाषेत. "तिका बोलूक येना नाय, म्हणान ती हाड उचलून दाखवता." काकींना हे लगेच पटलं, आणि मला आश्चर्य वाटलं नाही. जनावरांबरोबर आयुष्य काढलेल्या माणसाला पटवावं लागत नाही, फक्त भीतीची झाकणी बाजूला करावी लागते. रक्त तपासायला पाठवलं, फॉस्फरस कमी निघाला. खनिज मिश्रण रोज पन्नास ग्रॅम, गिरणीवरून भाताचा ताजा कोंडा विकत, पुन्हा जंताचं औषध. पेंढ्यावर युरियाची प्रक्रिया करायचंही ठरवलं, शंभर किलोला चार किलो युरिया पाण्यात विरघळवून शिंपडायचा आणि एकवीस दिवस हवाबंद दाबून ठेवायचा, पण काकी युरियाला घाबरल्या आणि मी आग्रह धरला नाही. चुकून युरिया थेट पोटात गेला तर गाय मरते, त्यांची भीती अनाठायी नव्हती.

एक गोष्ट मनात खुपते आणि ती इथे लिहिल्याशिवाय राहवत नाही. चंद्री जर्सीच्या संकराची आहे. तिची आजी तांबूसारखीच बुटकी गावठी असणार. आठ लिटर दूध देणाऱ्या शरीराची मागणी दोन लिटरवालीपेक्षा कितीतरी जास्त, आणि सडा मात्र तोच, करड तेच. आपण वळूचं रेत घाटावरून आणलं, आंबोण आणलं नाही. मी स्वतः अशा किती गाई भरवल्या आहेत, संकराच्या, उत्साहानं, काकींसारख्यांना दुधाचे पैसे मिळावेत म्हणून. पैसे मिळालेही, पोरांच्या फिया त्यातून गेल्या. ते चूक होतं असं मी म्हणणार नाही. पण ज्या मातीनं गाय लहान घडवली, त्या मातीला आधी विचारायला हवं होतं, असं आता रोज वाटतं.

पहिला महिना काही झालं नाही. दुसऱ्या महिन्यात केसांवर तजेला आला, पेंढा ती संपवायला लागली. आषाढात एकदा पोरगा सांगत आला, जाळीतलं ते हाड पावसानं वाहून वाटेवर आलं होतं, चंद्रीनं हुंगलं, चाटलं, थोडं दाढेत धरलं आणि टाकून पुढे गेली. हे सांगताना तो लाजत नव्हता. मी त्याला वहीत तारीख लिहायला सांगितली. त्यानं आपल्या शाळेच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहिलं, आणि खाली गाईचं चित्र काढलं.

श्रावणात, मंगळागौरीच्या आदल्या दिवशी पहाटे काकींचा फोन. चंद्री रात्रभर हंबरत होती, दाव्याला झटे देत होती, मागून काचेसारखी स्वच्छ तार. पाऊस धो-धो. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरवायची, म्हणून संध्याकाळपर्यंत थांबले. या वेळी मी जर्सीचं रेत काढलं नाही. काकींशी बोलूनच, गावठी वळूचं घेतलं. उणे एकशे शहाण्णव अंश थंड नायट्रोजनच्या कॅनमधून कांडी वर काढली, धुराचा लोट गोठ्यात पसरला, पोरगा टाळ्या वाजवत होता. सदतीस अंशाच्या पाण्यात अर्धा मिनिट. त्या अर्ध्या मिनिटात मला नेहमी क्रिस्टोफर पोल्ज यांची आठवण येते, 1949 मध्ये चुकीचं लेबल लागलेल्या बाटलीतून ज्यांना ग्लिसरीन सापडलं आणि गोठलेले शुक्रजंतू जिवंत राहायला लागले. त्यांनी ती चुकीची बाटली फेकून दिली असती तर? मग हात आत. उजवं अंडाशय बोटांना लागलं आणि माझा श्वास अडकला. वर द्राक्षासारखा ताणलेला, मऊ फुगवटा होता. मी जरा जास्तच वेळ तिथे थांबले. चंद्रीनं मागे वळून पाहिलं आणि काकी म्हणाल्या, "काय झाला?" मी म्हटलं, "काय नाय काकी, जागी झाली हा."

काकी आता गोठ्याच्या भिंतीवर रोज कोळशाची एक रेघ ओढतात. एकवीस दिवसांत उलटली नाही तर आशा, दोन-अडीच महिन्यांनी मी हात घालून बघेन तेव्हा खात्री. काल संध्याकाळी त्या बाजूला लस द्यायला गेले होते, वाट वाकडी करून डोकावले. पडवीत कंदील होता, वीज गेलेली. चंद्री बसून रवंथ करत होती, नाकाच्या शेंड्यावर कोंडा. ज्या भिंतीवर रेघा आहेत त्याच भिंतीचा गिलावा खालच्या बाजूला चाटून चाटून गेलेला आहे, आतला चिरा दिसतो. पोरानं कंदील वर धरला आणि मोठ्यानं मोजल्या. एकोणीस.